चपलांची रांग

बँकेतून रिटायर झालेली दोन माणसं भेटली की आधी बीपीची चौकशी होते, मग किस्से सुरू होतात. चौसाळ्याच्या आमच्या ब्रँचला एटीएम आलं, तेव्हाचेच माझ्याकडे पोतंभर जमलेत. मशीन वाचलं, म्हणून हसत सांगता येतात!

*

सुरुवातीला त्याच्याकडे कोणी फिरकेना. किराणा दुकानदार दत्तूअप्पांना मी म्हणालो, "अप्पा, वापरून बघा की. काही चार्ज नाही, फुकट आहे!"

अप्पा दोन पावलं मागे सरकले. "फुकट? मंग तर लई जपून राहाया पाहिजे!"

*

आत एसी, खाली चकचकीत फरशी. लोक बाहेर चपला काढायचे. मॅनेजरांनी दारावर पाटी लावली, 'चपला काढू नयेत.' ती वाचायलासुद्धा लोक चपला काढूनच पायरी चढायचे!

*

कौसाबाईंना नवऱ्यामागे पेन्शन मिळायची. मशीनमधून पहिल्यांदा नोटा आल्या तेव्हा त्यांनी हात जोडले. "इतक्या वर्षांत पैल्यांदाच कुणी न खेकसता पैसे दिले!"

काउंटरवर मीच बसायचो!

*

आणि हेड ऑफिसचं पत्र आलं. वापर कमी, मशीन बीडला हलवणार. साहेब बघायला येणार. कौसाबाईंचे गुडघे गेलेले, एसटीची पायरी चढवत नव्हती. "मंग मी परत काउंटरवर बोलणी खाऊ, का बीडला रांगत जाऊ?" मला रात्रभर झोप लागली नाही.

अप्पांनी गावभर निरोप फिरवला, "साहेब यील त्या दिशी समद्यांनी मशीनवर यायचं!"

साहेब आले भर दुपारी. ऊन मी म्हणत होतं. मशीनच्या खोलीत एक माणूस, दाराशी चिटपाखरू नाही.

"हेच का तुमचे ग्राहक?" साहेबांनी विचारलं.

दारापासून पार फाटकापर्यंत नुसत्या चपला मांडलेल्या. साहेब त्या ओलांडत दाराशी पोचले, तोच समोरच्या लिंबाखालून कौसाबाई ओरडल्या, "ओ सायेब! मधी कावून घुसताय? माजी चप्पल हाय तितं! रांगंत या!"

साहेबांनी वळून बघितलं. लिंबाखाली अख्खं गाव बसलेलं! त्यांनी चपलांची रांग शेवटपर्यंत न्याहाळली.

मग मुकाट्याने फाटकापाशी गेले, वाकून नाडी सोडली, एक बूट शेवटच्या चपलेमागे ठेवला आणि तापल्या मातीतून लंगडी घालत लिंबाखाली आले.

कौसाबाई जरा सरकल्या. "बसा. लई येळ न्हाई लागत!"