मागून बोलत आलेली शुभांगी

प्रिय मीरा आणि अन्वय,

आजी सिंगापूरला असताना शर्यतीत पळायची हे बाबाने सांगितल्यावर तुम्ही फोनवर किती हसलात! हसा. पण मग मीराने विचारलं, "मग पळणं एकदम का सोडलंस गं?" आणि मी विषय बदलला. ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहिते आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. मी फिजिक्स शिकलेली आणि शिकवलेली बाई आहे. आमच्या घरात कुणाची दृष्ट काढली गेली नाही, तुमच्या बाबाची पत्रिका केली नाही. सिंगापूरला शेजारच्या चिनी आजीबाई त्यांच्या पंचांगातल्या सातव्या महिन्यात इमारतीखाली पितरांसाठी कागद जाळायच्या, तेव्हा मी फक्त खिडक्या लावून घ्यायचे... धुराने पडदे काळे होतात म्हणून. तेव्हा हे घाबरवायला लिहिते आहे असं समजू नका. घडलं तसं, क्रमाने सांगते.

नव्वदच्या दशकाचा मध्य असेल. तुमचे आजोबा मरीन इंजिनिअर, जहाज दुरुस्तीला आलं की त्यांचा मुक्काम यार्डातच. बाबा पुण्याला हॉस्टेलवर. सेरंगूनच्या फ्लॅटमध्ये मी एकटी. आधी चालायला लागले, मग पळायला, आणि काही वर्षांनी एका रनिंग क्लबात 'मेंटर' झाले. क्लबची दरवर्षी दहा किलोमीटरची शर्यत असायची. त्यात पहिल्यांदा उतरणाऱ्यांकडून आधी सराव करून घ्यायचा आणि शर्यतीच्या दिवशी शेवटपर्यंत त्यांच्याबरोबर राहायचं, हे मेंटरचं काम.

त्या कामाची एक पद्धत होती. ती नीट समजून घ्या, कारण सगळं तिच्यावरच आहे. नवी मंडळी जोशात फार जोरात पळतात आणि मग कोसळतात. म्हणून मेंटरने तीन-चार पावलं पुढे, मुद्दाम हळू पळायचं. नव्याने मागे राहायचं आणि सतत बोलायचं. पूर्ण वाक्य बोलता येतंय तोवर ठीक. शब्द तुटायला लागले की मेंटरने चालायला लागायचं. आणि मेंटरने मागे वळून बघायचं नाही. आमच्या प्रमुख मिसेस टॅन दर वेळी बजावायच्या, "आँटी, डोन्ट लूक बॅक, हां! यू लूक बॅक, शी थिंक शी टू स्लो, शी रन लाइक मॅड. जस्ट लिसन, लाह." तिथलं इंग्रजी असंच, वाक्याच्या शेवटी 'लाह' नाहीतर 'वॉट' लावायचं.

मी ऐकायचे. माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येकीला मी कानांनी सांभाळलं.

मराठी बायकांना काय बोलावं सुचत नसे, म्हणून मी पाककृती विचारायचे. पळता पळता थालीपीठ, पळता पळता कटाची आमटी. मिसेस टॅनना वाटायचं आम्ही स्तोत्र म्हणतोय.

शुभांगी आली ती अशीच, ओळखीतून. पुण्यात चांगली इंजिनिअर होती. नवऱ्याची, नितीनची, बदली झाली तशी नोकरी सोडून आली. नवऱ्यामुळे मिळालेल्या राहण्याच्या पासवर तिला काम करता येत नव्हतं. दिवसभर अकराव्या मजल्यावर बसून लिफ्टचे आवाज मोजते म्हणायची. मला म्हणाली, "काकू, इथे आल्यापासून मी एकही गोष्ट स्वतःची केलेली नाही. ही एक करायची आहे."

नितीन टीव्हीवरची नजर न काढता म्हणाला, "बस सुटत असली तरी ही पळत नाही. दहा किलोमीटर!"

"मग तू ये ना बरोबर," शुभांगी म्हणाली, "पोट तरी आत जाईल."

"काकू, तुमच्या जबाबदारीवर हां," तो म्हणाला. हसत म्हणाला, पण म्हणाला.

"जशी नेते तशी आणून देईन," मी सांगितलं.

पोरगी गुणी होती, फक्त स्वयंपाकाच्या नावाने बोंब. सरावात मी विचारायचे, "आज काय?" मागून उत्तर यायचं, "मॅगी. पाकीट फोडायचं. नितीनला हाक मारायची. तोच करतो." एकदा वरणाची कृती सांगितली त्यात डाळ शिजवायचीच राहिली. मी पुढे हसते आहे, ती मागे धापा टाकत भांडते आहे, "काकू, वाक्य पूर्ण झालं ना? मग मार्क द्या!" असे आमचे दिवस.

शर्यत ईस्ट कोस्टला, समुद्राकाठच्या रस्त्यावर. उजाडलं तेव्हा आम्ही निघालो होतो. लांब पाण्यात नांगरलेली जहाजं, काठाला सरूची झाडं, आणि वारा अजिबात नाही. सुरुवातीला शुभांगी पुष्कळ बोलली. सासूबाई येणार आहेत, त्यांना मेडल दाखवणार आहे, वगैरे. श्वास जरा जड वाटला तेव्हा मी वेग कमी केला. मग आवाज मोकळा झाला. मला बरं वाटलं.

पाण्याच्या टेबलापाशी मी एक ग्लास स्वतः घेतला आणि एक, न वळता, हात मागे करून धरला.

"मला नको काकू. चला."

"घे गं दोन घोट."

"नको. चला ना."

मी ग्लास ठेवला आणि निघाले. म्हटलं, "बरं, आज काय?"

"अळूची पातळ भाजी," ती म्हणाली.

आणि तिने सांगितली! पानं कशी पुसायची, देठ कसे सोलायचे, हाताला खाज येऊ नये म्हणून काय लावायचं, चण्याची डाळ आणि दाणे आधी भिजवायचे, चिंच कधी, गूळ कधी, बेसन कसं लावायचं. वाक्यावर वाक्य, कुठे धाप नाही, कुठे अडखळणं नाही. मी मनात म्हटलं, सासूबाई यायच्या म्हणून पाठ करून आलेली दिसते. मागून एक चिनी गृहस्थ आम्हाला ओलांडून गेले. जाताना त्यांनी वळून आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे पाहिलं, आणि हसून अंगठा वर केला. हे मी शपथेवर सांगेन.

शेवटची कमान दिसली तेव्हा ती म्हणाली, "आलंच की काकू." मी रेषा ओलांडली आणि दोन्ही हात पसरून वळले.

मागे कुणी नव्हतं. बऱ्याच अंतरावर एक म्हातारं जोडपं हात धरून चालत येत होतं, बस्स.

मेडल देणाऱ्या मुलीला मी विचारलं, "माझ्याबरोबरची मुलगी कुठे गेली?"

ती गोंधळली. "आँटी, यू केम अलोन, वॉट."

शुभांगीला तोवर हॉस्पिटलमध्ये नेलंही होतं. हीट स्ट्रोक. ती पाण्याच्या टेबलापर्यंत पोचलीच नव्हती. त्याच्या अलीकडे, झाडांखाली, रस्त्याच्या कडेला पडलेली सापडली. म्हणजे मी ग्लास मागे धरला तेव्हा... ते तुम्हीच समजून घ्या.

ती वाचली. पण मेंदूचा जो भाग तोल आणि बोलणं सांभाळतो तो उष्म्याने दुखावला. अतिदक्षता विभागातून बाहेर आली तेव्हा चालताना भिंत धरायची आणि शब्द जिभेवरून घसरायचे. जाड, ओले, अर्धवट शब्द. ज्या पोरीने मला तासन्‌तास हसवलं तिचं एक वाक्य समजायला कान लावून बसावं लागत होतं. आणि मी तर तिचा स्वच्छ, न थकलेला आवाज शर्यत संपेपर्यंत ऐकला होता.

मी भेटायला गेले. नितीन खिडकीशी उभा होता, बसा म्हणाला नाही. शुभांगीने माझ्याकडे पाहिलं आणि तिचे डोळे भरले. मला वाटलं, मला बघून.

"काकू," ती म्हणाली. एकेक शब्द जुळवत, मध्ये थांबत. "मी म्हणत होते ना... थांबते म्हणून."

"कधी गं?"

"सारखी. पाणी दिसत होतं. तुम्ही थांबू दिलं नाहीत. पाणी नको म्हणालात. पळ म्हणालात."

"मी? शुभा, मी असं कधी बोलेन का? आपण सरावात—"

"मागून. माझ्या कानाशी. पळ, पळ, पळ."

"मागून कशी असेन? मी तुझ्या पुढे होते गं. पहिल्यापासून पुढे."

तिने मान हलवली. तिला तेवढं हलवणंही जड जात होतं.

"पुढे कुणीच नव्हतं," ती म्हणाली. "का केलंत असं?"

नितीन म्हणाला, "पुरे झालं, काकू. निघा तुम्ही."

तापाने मेंदू भ्रमतो, भास होतात, असं डॉक्टर म्हणाले. तिच्यापुरतं ते मान्य करते. पण मला ताप नव्हता. मी ठणठणीत होते, मग मला कशाचा भास झाला? अळूच्या भाजीचा? आणि त्या गृहस्थांनी अंगठा कुणाला दाखवला? आजोबांना सांगितलं तर म्हणाले, "दमली होतीस तू." ओळखीच्या बायका तोंडावर "तुमचा काय दोष" म्हणायच्या, आणि पाठीमागे, "मेडलसाठी पोरीला टाकून गेली." मी टाकून गेले नाही. पद्धत तंतोतंत पाळली. हे मी तेव्हाही म्हटलं, आजही म्हणते, आणि तेव्हाही कुणी ऐकलं नाही. नितीनने तिला नाशिकला माहेरी पोचवलं. मी फोन केले तर तिची आई "झोपली आहे" म्हणायची. सकाळी केला तरी झोपलेली, संध्याकाळी केला तरी झोपलेली.

ते काय होतं, मला आजही ठाऊक नाही. भूत म्हणायला माझी जीभ रेटत नाही. एवढंच कळतं की त्याने तिचा आवाज घेऊन मला पुढे नेलं आणि माझा आवाज घेऊन तिला पाडलं. आम्हा दोघींना एकमेकींचा आवाज विश्वासाचा वाटायचा, नेमका तोच वापरला. याचा मला राग आहे. इतक्या वर्षांनीही भीती वाटत नाही, राग येतो.

शुभांगी आता पन्नाशीला आली असेल. बोलणं सुधारलं का, मला माहीत नाही. पण तिच्या लेखी मी अजून तिच्या मागे आहे, आणि तिला थांबू देत नाही.

— आजी