मांडीवरचा ताल

बेसबॉल आमच्या तंजावुरात कुणाला कळत नाही, म्हणूनच त्यावर बोलायला सगळे मोकळे. त्यात पहिला मान माझ्या मामांचा. त्यांनी जन्मभर शाळेत कवायत शिकवली, आणि निवृत्त झाल्यावर जिल्ह्याच्या मुलींचा संघ निवडायला त्यांना बसवलं. बॅट कधी हातात धरली नव्हती. पण आपल्याला नजर आहे, असं ते स्वतःच सांगत.

ही नजर कुठे तयार झाली ते मला ठाऊक होतं. गावात कुणाच्याही मुलीचं अरंगेट्रम, भरतनाट्यमचा पहिला जाहीर कार्यक्रम असो, मामा पुढच्या रांगेत, मांडीवर ताल धरून. पाऊल चुकलं की असा चेहरा करायचे की नाचणारी पोर पुढचंही चुकायची.

त्या वर्षी माझी मुलगी निवडीला गेली. जिल्ह्याच्या संघात जायचं, याखेरीज तिला दुसरं काही सुचत नव्हतं. उभी मात्र भयंकर राहायची. कोपरं बाहेर, मान आत, स्कूटरवर गॅसचा सिलिंडर धरून बसल्यासारखी. पण चेंडू आला की तो थेट नव्या बसस्टँडच्या दिशेने जायचा. तिच्या प्रशिक्षकांनी मामांना सांगून पाहिलं, की वर्षभरात हिच्याइतके फटके कुणाचेच नाहीत. मामा म्हणाले, आकडे वाण्याला लागतात.

मी शेजारीच बसले होते. मुलगी खेळत होती आणि मामांचा हात मांडीवर चालला होता. चेंडू कुठे गेला हे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. हिची बॅट तालाच्या आधीच फिरली, की मामांचं तोंड कडू. मग दुसरी एक मुलगी आली. कंबर सुरेख, मान सुरेख, बॅट अगदी समेवर. चेंडू तोवर मागे जाऊन पडलाही होता. मामांनी मान डोलावली आणि तिला घेतलं.

संघ पहिल्याच सामन्यात हरला. मामांनी मैदानाला नावं ठेवली, पंचाला ठेवली. नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणायचीही सोय नव्हती. नाचता येणाऱ्याच तर निवडल्या होत्या.

माझी मुलगी रडली नाही. ती खिडकीच्या काचेत बघून उभं राहायला शिकली. रोज संध्याकाळी, चेंडूशिवाय. पुढच्या वर्षी कोपरं आत, मान वर. मामांचा हात मांडीवर थांबला तो थेट तिचं नाव सांगायलाच.

"पाह्यलीस की?" ते मला म्हणाले. "नजर म्हणतात ती ही."

मला त्यांचा इतका संताप कधी आला नव्हता. तेवढ्यात ती धावत आली, चेहरा फुललेला.

"अम्मा, आतां मी बेस, सुरेख दिसलें की?"

तिला टाकलेले चेंडू सगळे मागच्या जाळीपाशी पडले होते. तिने त्यांच्याकडे वळूनही पाहिलं नाही.