पाठीवर पोतं कोणी दिलं?

चोरांचं खोटं मी नोकरीभर ऐकलं आणि विसरूनही गेलो. अकोल्यातल्या त्या सहा हमालांचं खोटं मात्र अजून डोक्यातून जात नाही.

मी तेव्हा औद्योगिक वसाहतीच्या ठाण्याचा प्रभारी होतो. एका डाळमिलचा मॅनेजर तक्रार घेऊन आला. त्यांचा एक हमाल, भातकुलीकडचा, पोतं घेऊन ट्रकच्या फळीवर चढताना घसरून पडलो असं सांगत होता. मणका गेला होता. अमरावतीच्या दवाखान्यातून त्याने भरपाईचा दावा लावला होता.

मॅनेजर म्हणाला, "साहेब, तो घरी पडला असेल. तो म्हणतो त्या दिवसानंतर आठवडाभर त्याचा हजेरीचा बिल्ला गेटवर जमा झालाय. मोडक्या पाठीनं कोणी पोती वाहतं का? फसवणुकीचा गुन्हा दाखल करा."

मुद्दा बिनतोड होता. पण गुन्हा दाखल झाला असता, तर दावा बुडून तो गडी उलटा जेलात गेला असता. म्हणून आधी चौकशी लावली.

दवाखान्यात त्याची बायको माझ्या अंगावरच आली. "याइले कूस बदलता येत नाई, अन् तुमी चोर ठरवून राहिले!" तिला बाजूला करून मी त्याला विचारलं, तो आठवडा कुठे होतास?

"घरीच, खाटेवर. मालिश करून पायली, मंग पाय बधिर झाले."

"आणि बिल्ला?"

तो छताकडे पाहत राहिला. "मले नाई माईत."

माझं डोकंच फिरलं. खरं बोलणारा माणूस मधेच अर्धं गिळतो, तेव्हा पोलिसाला चोरापेक्षा त्याचा राग येतो.

मिलला हमाल पुरवणाऱ्या ठेकेदाराच्या हाताखाली त्याच्यासोबत राबणाऱ्या टोळीला ठाण्यात बोलावलं. मुकादम धरून सहा जण. प्रत्येकाचं एकच, "तो आठवडाभर कामावर होता, सायेब." शब्दाला शब्द जुळत होता. खऱ्या साक्षी इतक्या जुळत नसतात.

मग एकेकाला वेगळं बसवलं, चहा पाजला, हमालीच्या गप्पा काढल्या. क्विंटलचं पोतं कुणी एकटा पाठीवर घेत नाही, दोघांनी उचलून द्यावं लागतं. तो विषय आला तसं मी सहज विचारलं, "त्या आठवड्यात याच्या पाठीवर पोतं कोणी दिलं?"

पहिला गडबडला. "मी नाई. दुसऱ्याइनं देल्लं असन." दुसऱ्यानं तिसऱ्याचं नाव घेतलं, तिसऱ्यानं पहिल्याचं. या प्रश्नाचं उत्तर त्यांना कुणी पढवलं नव्हतं. आठवडाभर राबलेल्या माणसाच्या पाठीवर सहातल्या एकानंही पोतं दिलं नव्हतं!

मुकादमाला समोर घेतलं. "बोल आता. तुझा माणूस जेलात चालला."

म्हातारा मुकादम बोलता झाला. "आमच्या डोयासमोर पडला तो. टोयीतला माणूस पडला तं बिल्ले टाकताना त्याचाबी टाकाचा. त्याच्या वाटची पोती आमी वाहाची अन् मजुरी त्याच्या घरी पोचवाची. आमच्यात असंच चालते."

"मग खरं सांगायला काय धाड भरली होती?"

"ठेकेदार म्हणे, बिल्ल्याचं कबूल केलं तं तुमीच आत जासान. काम तं जाईनच."

दुखणाईत गडी काय गिळत होता ते तेव्हा कळलं. त्याच्या मजुरीसाठी केलेली सोयच त्याच्या गळ्यात अडकली होती, आणि तोही सोबत्यांसाठी गप्प होता.

मी स्पष्ट सांगितलं, "पोती वाहिली गेली, मिलचं काही बुडालं नाही, हे मी अहवालात लिहीन. पुढचं माझ्या हातात नाही. पण तुम्ही गप्प राहिलात, तर तो जन्मभर लबाड ठरेल."

सहाही जण बाहेर जाऊन उभे राहिले. बराच वेळ कुणी आत येईना. मला वाटलं, संपलं. मग मुकादम आत आला. "लिहा, सायेब. पयले माहा जबाब लिहा."

त्या जबाबांवर भरपाई मंजूर झाली. टोळीला ठेकेदारानं लगेच काढलं. मोर्शीकडे संत्र्याच्या गाड्या भरायला गेली म्हणतात.

खोटं लोभातून येतं किंवा भीतीतून, असं आम्हाला शिकवलेलं असतं. मायेतून आलेलं खोटं त्या दिवशी पहिल्यांदा फोडलं, आणि काम फत्ते होऊनही मला रात्रीचं जेवण गेलं नाही.

सही करून निघालेल्या मुकादमाला मी दटावलं होतं, "यापुढे कुणी पडलं तर त्याच दिवशी ठाण्यात कळवायचं. बिल्ला टाकायचा नाही."

"कयवतो न, सायेब," तो दारातून म्हणाला. "पण निकाल लागेलोक त्याच्या घरची चूल कोण पेटवन?"

मी 'जा आता' म्हणालो.