येळवशीच्या दिवसाचा पंचनामा

कोणतीही गोष्ट तिचा पंचनामा होईपर्यंत घडलेलीच नसते, असं मनापासून मानणारा माणूस अख्ख्या महाराष्ट्रात एकच असावा, आणि तो तेरमध्ये आमच्या समोरच्या घरात राहायचा. निवृत्त तलाठी. सगळी गल्ली त्यांना आप्पा म्हणायची, म्हणून मीही आप्पाच म्हणायला लागलो. गारपिटीनं झोपलेली ज्वारी, वीज पडून मेलेल्या म्हशी, पावसानं खचलेल्या भिंती, यांचे पंचनामे करण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. मग एके दिवशी सरकारनं नारळ आणि शाल देऊन त्यांना घरी पाठवलं, पण हाताला लागलेली खोड काही परत मागून घेतली नाही. मांजरानं दूध सांडलं की काकू फडकं आणायच्या आत आप्पा वही घेऊन हजर. "थांब, पुसू नको. आधी लिवू दे." काकूही काही कमी नव्हत्या. एकदा माझ्यादेखत त्या म्हणाल्या, "माझ्या लग्नाचा तेवढा पंचनामा राहिलाय, तो बी करून टाका एकदाचा." आप्पांनी चष्मा कपाळावर चढवला, क्षणभर खरंच विचार केला आणि म्हणाले, "नुकसान डोळ्यानं दिसत असंल तरच करता येतोय."

पांढरा पूर्ण बाह्यांचा सदरा, खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. लाल कशाला, असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, "दुरुस्तीला. पर अजून लागलं न्हाय." चतुःसीमा सांगितल्याशिवाय त्यांना कोणतीही जागा सांगता यायची नाही. मी पहिल्यांदा भाड्याचं घर बघायला आलो तेव्हा हातात दोन बॅगा होत्या, डोक्यावर ऊन होतं, आणि मी एवढंच विचारलं होतं की रिकामं घर कोणतं. आप्पा म्हणाले, "पूर्वेला गिरणी, दक्षिणेला लिंबाचं झाड, उत्तरेला गटार, आणि पश्चिमेला रस्ता सोडून मी स्वतः." मी बॅगा खाली ठेवून दिशा शोधत राहिलो. घर माझ्या पाठीमागेच होतं.

मी मूळचा नाशिककडचा. जवळच्या गावात शाळेवर मास्तर. आणि स्वभावानं, माझी बायको म्हणते तसा, काडेपेटी. गल्लीत येऊन तीन वर्षं झाली तरी माझं कुणाशी फारसं जमलं नव्हतं, आणि त्यात चूक निम्म्याहून जास्त माझीच. त्या वर्षी गणपतीत मंडळाचा भोंगा नेमका आमच्या खिडकीकडे तोंड करून लावला होता. मुलगी तेव्हा दीड वर्षाची. मी मंडळाच्या अध्यक्षाशी रस्त्यात भांडलो, वर पोलिसांना फोन केला. त्यानंतर गल्लीनं मला टाकलं नाही की काही नाही, पण 'काय गुरुजी, जेवलाव का?' हे विचारणं बंद झालं. मीही म्हटलं, गेलात उडत. आंतरजिल्हा बदलीचे अर्ज निघायची वाट बघत बसलो.

आणि येळवस आली. आमच्याकडे नाशिकला हे नावही कुणाला माहीत नाही. थंडीतली ही अमावस्या म्हणजे धाराशिव-लातूरकडे सगळं गाव उठून शेतात जायचा दिवस. ज्वारीच्या कडब्याची खोप करायची, आत पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, पूजा करायची आणि मग हिरव्या दाण्यांची नि पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली आंबिल असं पोट फुटेस्तोवर जेवायचं. ज्यांना शेत नाही त्यांना शेतवाले बोलावतात. दुकानं बंद, गिरणी बंद, रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. त्या सकाळी गाड्या, ट्रॅक्टर, मोटारसायकली, आंबिलीची मडकी, म्हणजे बिंदग्या, डोक्यावर घेतलेल्या बाया, सगळे माझ्या दारावरून गेले. 'गुरुजी, चला की शेतात' असं कुणी म्हटलं नाही. म्हटलं असतं तरी मी ऐटीत नको म्हणालो असतो, ते सोडा. पण कुणी म्हटलं नाही. बायको मुलीला घेऊन माहेरी गेली होती. मी एक पुस्तक आणि बिस्किटांचा पुडा घेतला, गाडी दारात ठेवली आणि चालत तेरणा नदीच्या काठाला जाऊन बसलो.

चारच्या सुमारास परत आलो तर गाडीची पुढची काच फोडलेली. दोन्ही आरसे तोडून खाली पडलेले, बॉनेटवर खिळ्यानं ओढलेल्या रेघोट्या, डावीकडची दोन्ही चाकं फाडलेली. आमच्या घराण्यातली ती पहिली चारचाकी. खोटं कशाला बोलू, मला रस्त्यात उभ्या उभ्या रडू आलं. आणि रडता रडता मनात एकच, हे काम गल्लीतल्याच कुणाचं तरी. भोंग्याचा राग काढला. बायकोला फोन केला तर ती म्हणाली, "लेकराला घेऊन मी आता तिथं येत नाही. शनिवारी मुदत संपतेय, अर्ज भरा. नाहीतर मी इथंच राहते." मंगळवार होता. मी म्हटलं, भरतो.

एवढ्यात आप्पा शेतातून परत आले. टोपीवर ज्वारीचं पान अडकलेलं. गाडी बघितली आणि माणसानं चार शब्द सांत्वनाचे बोलावेत की नाही? लांबूनच ओरडले, "हात लावू नका!" धावत घरात गेले, चुन्याची फक्की आणून गाडीभोवती रेघ मारली, काकूंचं ज्वारी वाळवायचं तळवट ओढून आणलं आणि काचांवर पसरलं. एक शेळी हुंगत आली तर तिला काठीनं हाकलून म्हणाले, "पुराव्यात तोंड घालतीया." मला ते सगळं असह्य झालं होतं. मी म्हटलं, "आप्पा, राहू द्या हो, मी आता इथं राहणार नाही." त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे, ते वाकून फाडलेलं चाक बघत होते.

दुसऱ्या दिवशी पोलीस येऊन रीतसर नोंद करून गेले. आप्पांना ते पटलं नाही, कारण चतुःसीमा घातल्या नव्हत्या. गुरुवारी सकाळी त्यांनी स्वतःचा पंचनामा काढला. गल्लीतले पाच पंच उभे केले, त्यात गिरणीवाल्या मावशी होत्या आणि तो मंडळाचा अध्यक्षही होता. मला दारात खुर्ची दिली. आप्पा फीत लावून रेघोट्या मोजत होते आणि मोठ्यानं बोलत लिहीत होते. पिकाचा अंदाज काढायची सवय, त्यामुळे गाडीची आणेवारीही काढली. पीक पन्नास पैशांच्या आत आलं की दुष्काळ समजतात, तशी माझी गाडी त्यांनी पन्नास पैशांच्या आत धरली. मग एकेका पंचाला विचारलं, येळवशीला नऊ ते चार कुठं होता? जो तो शेताचं नाव सांगे, सोबत कोण होतं ते सांगे, आणि मावशींनी तर भज्जीत हरभरा कसा कोवळा पडला होता तेही सांगितलं. आप्पांनी तेही लिहिलं. अध्यक्षाची पाळी आली तेव्हा तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "म्या बी शेतातच हुतो, आप्पा. पर गुरुजींला वाटत असंल म्याच केलं." माझे कान तापले. आप्पांनी मान वरसुद्धा केली नाही. "गुरुजींला काय वाटतंय ते पंचनाम्यात येत न्हाय. तुझ्यासंगं शेतात कोण हुतं ते सांग."

शुक्रवारी विमा कंपनीचे सर्व्हेअर आले, तेव्हा पाचही पंच पुन्हा जमले. त्यांनी आपले फोटो काढले, आणि आप्पांनी त्यांच्या हातात चार पानी पंचनामा दिला. तो माणूस सज्जन होता, उभ्या उभ्या वाचायला लागला. तिसऱ्या पानावर थांबला आणि मोठ्यानं वाचलं: "घटनेच्या दिवशी गल्लीतील यच्चयावत कुटुंबे शेतात होती, याबाबत पंचांची खात्री झाली. शेतात न गेलेला इसम, एक. खुद्द गाडीमालक." मग माझ्याकडे बघून हसत म्हणाला, "म्हणजे सर, या कागदाप्रमाणे गाडी तुम्हीच फोडली!"

सगळे पंच खो खो हसले. माझी मात्र काडी पेटली. "आप्पा, अहो, काय लिहून ठेवलंय हे? आधी गाडी फोडायची आणि वर मलाच आरोपी करायचं?" आप्पा हसले नाहीत आणि चिडलेही नाहीत. त्यांनी सर्व्हेअरच्या हातून कागद घेतला, ते वाक्य एकदा वाचलं, पुन्हा वाचलं, आणि माझ्या पायरीवर मटकन बसले. "गुरुजी, तुमी एकटंच मागं राहिलाव व्हय?" मी म्हटलं, "मग? कुणाच्या शेतात जाणार होतो मी? नदीवर जाऊन बसलो." त्यांनी चष्मा काढून हातात घेतला. मग म्हणाले, "लिवलं म्या, आन् मलाच वाचता आलं न्हाय." पंचांकडे वळले. "ह्यांला कुणी बोलिवलं हुतं?" मावशींनी पदर तोंडाला लावला. "म्या बी न्हाय बोलिवलं," आप्पा म्हणाले, "समोर राहून. त्यांच्या दारावरनं बैलगाडी नेली म्या."

आणि तिथंच, मांडीवर वही घेऊन, त्यांनी एक पुरवणी पंचनामा लिहिला. तो मी जपून ठेवला आहे. "आम्ही खाली सह्या करणारे पंच समक्ष हजर राहून लिहून देतो की, सदर गाडीमालक हे तीन वर्षांपासून कुटुंबासह आमच्या गल्लीत राहतात व आमच्याच गल्लीचे आहेत. येळवशीला गल्लीने त्यांना शेतात बोलाविले नाही. बोलाविले असते तर गाडी शेतात असती व फुटली नसती. सबब नुकसानीस आम्ही पंच जबाबदार आहोत. वाचून दाखविले, बरोबर आहे." पाचही जणांनी सह्या केल्या, अध्यक्षानं सगळ्यात आधी. लिहिणाऱ्यानं पंच व्हायचं नसतं, हा नियम आप्पांनी जन्मभर पाळला होता. त्या दिवशी त्यांनी खाली सहावी सही स्वतःची केली. सर्व्हेअर म्हणाले, "हे मला फाइलला लावता येणार नाही, पण एक फोटो काढून घेऊ का?"

मी तो कागद फोटो काढून बायकोला पाठवला. तासाभरानं तिचा फोन आला. "अर्ज भरलात का?" मी म्हटलं, "नाही अजून." "मग नका भरू," ती म्हणाली. "गिरणीवाल्या मावशींचा फोन आला होता, पोरीसाठी भज्जी करून ठेवते म्हणाल्या. मी रविवारी येते." शनिवार आला आणि गेला.

गाडी तीन आठवडे गॅरेजला होती. त्या दिवसांत मी एकदाही एसटीसाठी फाट्यावर उभा राहिलो नाही, रोज कुणी ना कुणी मोटारसायकल घेऊन दारात. पुढं गाडी फोडणारेही सापडले: रिकामी गावं हेरून दारूच्या नशेत फिरणारी परगावची दोन टाळकी. मी मान खाली घालून अध्यक्षाच्या घरी गेलो. तोच म्हणाला, "सोडा वो गुरुजी. च्या घ्या." आणि खरं सांगतो, इतका गोड चहा मी आयुष्यात प्यालो नाही, म्हणजे साखरच फार होती, पण मी दुसरा कपही घेतला.

पुढच्या येळवशीच्या आदल्या सकाळी आप्पा आणि काकू जोडीनं आमच्या दारात आले, बायकोला कुंकू लावलं आणि रीतसर बोलावणं केलं. नंतर सलग चार वर्षं आम्ही त्यांच्याच शेतात जेवलो. खोपेच्या सावलीत माझी मुलगी आप्पांच्या मांडीवर झोपायची आणि आप्पा पाय अवघडले तरी हलायचे नाहीत. मग काकू गेल्या. मुलानं आप्पांना पुण्याला नेलं. गेल्या येळवशीला मी शेतातून त्यांना फोन लावला. आधी ज्वारीची चौकशी झाली, भज्जीची झाली, मग त्यांनी विचारलं, "गल्लीत कुणी मागं राहिलंय का? नीट बघितलंव का?" नवीन आलेल्या नर्सबाईंनाही आणलंय, असं मी सांगितलं. "बेस केलं," ते म्हणाले. मी विचारलं, "आणि तुम्ही काय करायलाव, आप्पा?" "बसलोय गॅलरीत. हितं कुणाला ठावं न्हाय आज काय हाय ते." मी हातातला घास परत ताटात ठेवला.

परवा येळवस आहे. ज्या माणसामुळे मला हे गाव मिळालं, तो सातव्या मजल्यावर एकटा बसणार आणि मी त्याच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांत जेवणार, हे मला आता जमायचं नाही. गेल्या आठवड्यातच फोनवर बोलावणं केलंय, आणि उद्या पहाटेच गाडी घेऊन त्यांना आणायला पुण्याला निघतोय. काल त्यांच्या सुनेला फोन करून विचारलं, इतका प्रवास झेपेल ना त्यांना? ती म्हणाली, "डॉक्टर हो म्हणालेत. तुम्ही बोलावलंय हे कळल्यापासून, म्हणजे आठवडा झाला बघा, बॅग भरून दाराशी ठेवलीय त्यांनी."