घरच्या मैदानावर अजिंक्य

कॉलेजच्या बास्केटबॉल संघाचा इतिहास तुम्हीच लिहून द्या, असं प्राचार्य मला म्हणाले, तेव्हा पहिली शंका आली ती हीच, की मलाच का? विद्यापीठ आपल्या पुरुष संघाचा इतिहास गोळा करत होतं. एके काळी त्या संघात दर वर्षी दोन-तीन पोरं आमच्या बारामतीच्या कॉलेजची असायची, म्हणून आमच्यासाठी वेगळं प्रकरण ठेवलं होतं. ते प्रकरण ज्या सामन्यावर संपतं, तो सामना माझ्या हातून गेला होता. मी तो मुद्दाम घालवला असं सगळे मानतात, अशी गेली तीस वर्षं माझी खात्री होती. आता अशाच माणसाला इतिहास लिहायला सांगायचा, म्हणजे कुठंतरी पाणी मुरत असणार. मी होकार दिला तो या पाण्याचा माग काढायला.

माझा स्वभाव मुळातच संशयी आणि त्याला नोकरीनं खतपाणी घातलं. पाटबंधारे खात्यात माझा सगळा जन्म कालव्याच्या लेव्हली काढण्यात गेला. कुणी जास्त पाणी यावं म्हणून शेताच्या चारीचं दार दोन बोटं खाली बसवलं, कुणी पाइप तिरका टाकला, हे हुडकायचं काम. जो माणूस चहाचा फार आग्रह करतो त्याच्या शेताची मोजणी मी आधी करतो. कुणी माझ्याकडं बघून खोकलं तरी मी त्याचा पंचनामा करतो, असं बायको म्हणते. ती बारामतीची आहे आणि मी शेजारच्या इंदापूर तालुक्यातला, दोन्हीकडचं कालव्याच्या पाण्यावरून जुनं वाकडं, त्यामुळं तिचं म्हणणंही मी जरा पारखूनच घेतो.

संघ उभा केला आमच्या सरांनी. सर मूळचे बावड्याचे. शिकवायचे भूगोल, पण तरुण होते आणि नवीन होते, म्हणून जिमखाना त्यांच्या गळ्यात पडला. वर्गात पुस्तकी मराठी बोलणारा हा माणूस मैदानावर आला की थेट गावच्या बोलीवर यायचा. त्यांनी आसपासच्या गावांतली उंच पोरं हेरली. माळेगावचा एक होता, त्याला वर्गात बाकावर बसायला सांगितलं की बाकच उचलला जायचा. सगळे कबड्डी खेळलेले. पहिल्या वर्षी आमची पोरं चेंडूपेक्षा समोरच्या माणसाला जास्त धरायची. नगरच्या एका सामन्यात आमच्या एकानं विरुद्ध संघाच्या कप्तानाची घोट्यापाशी अशी पकड घेतली की पंच शिट्टी वाजवायचीच विसरला.

मैदान सरांनी स्वतः तयार केलं. लोखंडी खांब सिमेंटमध्ये घट्ट गाडले, वर फळ्यांचे बोर्ड ठोकले, रिंगा बसवल्या. दर पावसाळ्यात मैदानाची दैना व्हायची. मग दसऱ्याच्या आधी उसाच्या ट्रॉलीतून मुरूम यायचा, आम्ही तो पसरायचो, पाणी मारायचो, रोलर ओढायचो आणि फक्कीनं रेघा आखायचो. मुरूम वाहून जाऊ नये म्हणून कडेनं विटा लावलेल्या होत्या. हे काम आम्हाला खेळापेक्षा जास्त आवडायचं, कारण त्या दिवशी तासांना सुट्टी असायची.

त्या मैदानावर आम्ही कुणालाही जिंकू दिलं नाही. ‘घरच्या मैदानावर अजिंक्य’ असा फलक सरांनी जिमखान्याच्या दारावर रंगवून घेतला होता. बाहेर गेलो की मात्र आमची गत वेगळी व्हायची. जिंकायचो, पण रडतखडत, आणि हरायचो ते हक्काच्या चेंडूंवर. सरांनी यावर बराच विचार केला आणि दोष भिगवणच्या माशांना दिला. नगरकडं जाताना भिगवणला गाडी थांबायची आणि पोरं मरळ नि चिलापी हाणायची. सरांनी मासे बंद केले. तरी आमचे हात बाहेर आखडायचेच. मग ते म्हणू लागले की तुमच्यात बाहेर खेळायची हिंमतच नाही.

आमच्याकडं येणारे संघ तर आम्हाला उघडउघड लबाड समजायचे. पुण्याच्या एका पोरानं उडी मारून आमच्या रिंगेला हात लावला आणि आयुष्यात पहिल्यांदाच लागला म्हणून तो नाचत सुटला. त्यांचे चेंडू मात्र रिंगेच्या मागच्या बाजूला आपटून बाहेर यायचे. त्यांचे सर आमच्या बोर्डाकडं बराच वेळ बघत उभे राहिले. आम्हाला वाटलं, जळतायत.

आता तो सामना. विभागाची अंतिम फेरी होती, इंदापूर तालुक्यातल्या एका कॉलेजच्या मैदानावर आणि त्याच कॉलेजच्या विरुद्ध. म्हणजे माझ्याच मुलखात. माझे चुलते गावातली दहा-बारा माणसं घेऊन आले होते. सामन्याआधी त्यांनी सगळ्यांदेखत माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, “जरा आपल्या तालुक्याकडं बी बघ रं.” ते चेष्टेत बोलले. आमच्या संघातलेही हसले. पण हसताना दोघांनी एकमेकांकडं पाहिलं, ते मी टिपलं.

शेवटचे काही सेकंद राहिले असताना आम्ही एका गुणानं मागं होतो आणि मला फ्री थ्रो मिळाले, दोन. एक गेला तर बरोबरी, दोन्ही गेले तर आम्ही जिंकलो. आमच्या मैदानावर मी डोळे झाकून टाकायचो. पहिला चेंडू रिंगेच्या पुढच्या कडेला लागून खाली पडला. दुसरा मी जरा जोरात टाकला, तो बोर्डावर आदळून माझ्याकडंच परत आला. चुलत्यांच्या बाजूनं शिट्ट्या झाल्या. मी मान वर केली नाही.

माझं घर तिथून पायी जाण्याएवढं जवळ होतं. चुलते जेवायला चल म्हणत होते. गेलो असतो तर संशयावर शिक्काच बसला असता, म्हणून मी संघाबरोबर भाड्याच्या जीपमध्ये बसलो. सर पुढं बसले होते. बारामती येईपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत, एकदाही मागं वळले नाहीत. माझ्या शेजारी माळेगावचा तो उंच गडी बसायचा. त्या दिवशी तो मागं जाऊन बसला आणि त्याच्या जागेवर चेंडूंची पिशवी ठेवली गेली. मला कुणी काही म्हणालं नाही. कुणी शिवी दिली असती तरी मी सुटलो असतो.

सोमवारी संध्याकाळी सरावाला म्हणून कॉलेजच्या फाटकापर्यंत गेलो. सर आणि तिघं जण मैदानाच्या कडेला उभे राहून बोलत होते. मला पाहिलं आणि ते बोलायचे थांबले. मी तसाच मागं फिरलो आणि पुन्हा त्या मैदानावर पाय ठेवला नाही. एम. ए.ला नाव घालून अजून दोन वर्षं खेळता आलं असतं, विद्यापीठाच्या संघातही कदाचित गेलो असतो. मी नोकरीच्या परीक्षा दिल्या. पुढं बायको बारामतीची मिळाली आणि बारामतीतच राहिलो. पण लग्नाच्या पंगतीत चार माणसं एका कोपऱ्यात हसली की माझा घास हातातच राहायचा. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. लाज वाटायची, आणि रागही यायचा.

त्या सामन्याच्या पुढच्याच वर्षी मैदानावर सिमेंटचा कोबा झाला आणि संघाची ती जुनी रया गेली. आता तिथं नवीन कोर्ट व्हायचंय. इतिहासासाठी जुन्या मैदानाचा एक फोटो असावा म्हणून मी गेलो, तर जेसीबीनं एक कड उघडी करून ठेवली होती. वर कोब्याचा पातळ पापुद्रा आणि त्याखाली मुरमाचे थर स्पष्ट दिसत होते, एक तांबूस, एक पिवळट, परत तांबूस. आणि कडेला विटा. एकावर एक दोन ओळी. आमच्या वेळी आम्हाला वाटायचं, विटांची एकच ओळ आहे. मुरूम चढत गेला तशी कधीतरी वर दुसरी ओळ चढली आणि खालची मुरमात गेली, हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. नवा मुरूम आणायचा हे सगळ्यांना ठाऊक होतं, जुना उकरून काढायचा हे कुणालाच सुचलं नाही.

रिंग अजून खांबावर होती. मी गाडीतून टेप आणि मोजणीची पट्टी काढली. सगळ्यात खालच्या, म्हणजे मूळच्या जमिनीपासून रिंग नियमाला धरून बरोबर दहा फूट भरली. कोब्याच्या खालून, म्हणजे आम्ही ज्यावर खेळलो तिथून मोजली, तर चार बोटं कमी. टेपवर माझा विश्वास नाही म्हणून तीनदा मोजलं. आमची रिंग खाली आली नव्हती, आमचं मैदान वर गेलं होतं. आणि चार बोटं खालच्या रिंगेची सवय झालेला हात खऱ्या रिंगेवर टाकतो, तेव्हा चेंडू पुढच्या कडेला लागतो.

मी तिथं मुरमाच्या ढिगावर बसलो आणि मला हसू आलं. लगेच त्याच्या पाठोपाठ संताप आला. भूगोलाच्या माणसाला थर कळत नाहीत, हे मी मानायला तयार नव्हतो. सरांना हे ठाऊक होतं. घरचे सामने जिंकायचे म्हणून त्यांनी रिंग तशीच ठेवली आणि त्याचं पाप माझ्या डोक्यावर घातलं. चारीचं दार खाली बसवणारे मी आयुष्यभर पकडले, आता हेही पकडायचे होते. दुसऱ्या दिवशी टेप घेऊनच मी सरांच्या गावी, बावड्याला गेलो.

सरांचे गुडघे गेलेत. दारात खुर्ची टाकून बसले होते. मला त्यांनी लगेच ओळखलं आणि आधी चहा सांगितला, त्यामुळं माझा संशय आणखी वाढला. इतिहास लिहितोय म्हटल्यावर त्यांनी स्वतःहूनच तो सामना काढला.

“त्यांनी रिंग वर घेतली हुती,” सर म्हणाले. “माझा डोळा सांगत हुता, आपल्यापेक्षा वर हाय म्हनून. पंचाला म्हनलं मोजा, तर त्यो हसला. लई डोकं फिरलं हुतं माझं. जीपमधी तोंड उघडलं असतं तर शिव्याच आल्या असत्या, म्हनून गप बसलो.”

म्हणजे तीस वर्षं त्यांचाही संशय जपलेला होता, फक्त तो इंदापूरवर होता. मी त्यांना विटांच्या दोन ओळी सांगितल्या. मुरमाचे रंग सांगितले, रिंगेचं माप सांगितलं. ते ऐकत राहिले. मग त्यांनी माझ्या हातातला टेप घेतला, चार बोटांएवढा बाहेर ओढला आणि त्याच्याकडं पाहत बसले. चहा आला तरी त्यांनी कप उचलला नाही.

“मुरूम तर मीच टाकायचो,” ते म्हणाले. “त्या इंदापूरवाल्यांना मी आजपतोर लबाड म्हनत आलो.”

त्यांच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती. लबाड माणसाचा चेहरा मला कळतो, तो आधी मोजणाऱ्याकडं बघतो. सर टेपकडंच बघत होते. मग मी जे विचारायला आयुष्यभर टाळलं ते विचारलं. ते चेंडू मी मुद्दाम घालवले असं तुम्हाला वाटलं ना, म्हणून. ते गोंधळले. कुठले चेंडू, असं त्यांनी विचारलं, मग आठवल्यावर म्हणाले की त्या दिवशी सगळ्यांचेच जात नव्हते, तुझ्या दोन चेंडूंचं काय घेऊन बसलास. मी जीपमधली पिशवी सांगितली. त्या उंच गड्याचा पाय मुरगळला होता, त्याला मागं आडवा पाय करून बसायचं होतं, ते म्हणाले. मग मी सोमवार काढला. मला बघून तुम्ही चौघं बोलायचे थांबलात, ते कशाबद्दल बोलत होतात?

सरांनी खरंच आठवून पाहिलं. “आता काय सांगू?” ते म्हणाले. “त्या वक्ताला कोन काय बोललं ते कसं ध्येनात ऱ्हाईल? तू आलास म्हनून थांबलो आसंल. मानूस आला की थांबत्यात.”

मी त्यांचा कप त्यांच्याकडं सरकवला. कप निवत चालला होता.

“तू मात्र माघारी गेलास, ते ध्येनात हाय,” सर म्हणाले. “मंगळवारी वाट बघितली, बुधवारी बी बघितली. तुझ्या जागी कुनाला घेतलं न्हाय आठवडाभर. मंग पोरं म्हनाय लागली, त्याच्या मनात काय तरी आसंल, न्हायतर आला असता. आन मलाबी तसंच वाटाय लागलं. तुझा संशय आला त्यो तवा. त्याच्या आदी न्हाय.”

त्यांनी टेप आत सोडला आणि माझ्या हातात दिला.

“इतिहासात घाल,” ते म्हणाले. “मुरमाचं बी घाल, आन तू आला न्हाईस ते बी घाल.”

दोन्ही घातलं आहे.