मनमिळाऊ नसलेल्या काकूंचा ब्लॉग

दुकानात किस्से साठतात ते प्रुफामुळे. गिऱ्हाईक प्रूफ बघायला येतं, प्रिंट निघेपर्यंत बाकावर टेकतं, आणि बसलेला माणूस काही गप्प राहत नाही. नाशिकला रविवार कारंजाजवळच्या आमच्या डीटीपीच्या दुकानात मी बरीच वर्षं टायपिंग केलं. तिथले हसायचे किस्से सांगायला बसले तर दिवस पुरणार नाही. पण मैत्रिणी जमल्या की मला हटकून मुकुंदकाकांचेच आठवतात, आणि ऐकता ऐकता सगळ्यांचे चेहरे उतरतात. तरी दर वेळी तेच सांगायला लावतात. घ्या मग!

मुकुंदकाका मूळचे जुळारी. म्हणजे छापखान्यात शिशाचे खिळे एकेक करून जुळवणारे. नव्वदच्या दशकात छापखाना बंद पडला, मालक अण्णांनी कॉम्प्युटर आणले आणि काकांना मॅटर लिहायला ठेवून घेतलं. लग्न, मुंज, वास्तुशांत, काहीही सांगा, काकांचं मॅटर तयार. पण आमचा खरा धंदा दशक्रियेच्या पत्रिकांचा. रामकुंड हाकेच्या अंतरावर, त्यामुळे घोटीपासून मनमाडपर्यंतचे लोक आमच्याकडेच यायचे. "लग्नाला सीझन असतो, याला नसतो," असं अण्णा म्हणायचे, आणि म्हणताना त्यांना बिलकूल वाईट वाटायचं नाही.

* * *

काकांच्या हातून गेलेला प्रत्येक माणूस प्रेमळ, मनमिळाऊ आणि धार्मिक वृत्तीचा असायचा. त्यात सूट नव्हती.

एकदा एक मुलगा वडिलांची पत्रिका करायला आला. बिचारा प्रामाणिक होता. म्हणाला, "काका, खरं सांगू का, बाबा फार तापट होते. काहीतरी वेगळं लिहा ना."

काकांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "वेगळं लिहिलं की लोक घरी विचारायला येतात. मनमिळाऊ लिहिलं की जेवून जातात!"

मुलाने मनमिळाऊ घेतलं.

* * *

मग काकू गेल्या. शकुंतलाकाकू. दोन दिवसांच्या तापाने गेल्या. काका तिसऱ्या दिवशी दुकानात आले, खुर्चीवर बसले आणि स्वतःच्या बायकोच्या पत्रिकेचं मॅटर मला सांगायला लागले. एकदाही अडखळले नाहीत. प्रेमळ, मनमिळाऊ, धार्मिक वृत्तीच्या. मी टाइप केलं. काळी बॉर्डर टाकली. मला तेव्हा काही वाटलंच नाही, इतकी ती ओळ माझ्या बोटांत बसलेली होती.

दहाव्या दिवशी रामकुंडावर विधी चालू होता. काकूंच्या शेजारच्या म्हाताऱ्या आजी पायरीवर बसून पत्रिका वाचत होत्या. दोनदा वाचली. मग काकांना हाक मारून म्हणाल्या, "मुकुंदा, ही दुसऱ्या कुणाची तरी दिली का रे मला?"

मला आधी हसू आलं. मग काकांकडे पाहिलं आणि हसू गेलं. ते पत्रिका हातात घेऊन तशीच ओल्या पायरीवर बसले होते. म्हणाले, "मी बत्तीस वर्षं हिच्याबरोबर राहिलो, आणि हे लिहिलं!"

* * *

त्या काळात ब्लॉगचं खूळ नवं होतं. आमचा फ्लेक्सवाला प्रकाश काकांना म्हणाला, "काका, ब्लॉग काढा. फुकट असतो. काकूंबद्दल काय पाहिजे ते लिहा. प्रूफ तपासायलासुद्धा कोणी येत नाही."

काकांना ते पटलं. काकू जशा होत्या तशा कुठेतरी उतरवायच्या, एवढीच एक गोष्ट त्यांना आता करायची होती. प्रकाशने मोठ्या हौसेने डिझाइन केलं. गडी आयुष्यभर वाढदिवसाचे फ्लेक्स करत आलेला. पानावर वरून गुलाबाच्या पाकळ्या पडायच्या, दोन बाजूंना समया लुकलुकायच्या, पान उघडलं की बासरी वाजायची आणि मधोमध काकूंचा फोटो, मागे सोनेरी किरणं. खालून नाव सरकत जायचं.

काकांनी चष्मा नाकावर सारून स्क्रीन पाहिली.

"प्रकाश," ते म्हणाले, "ही वारली आहे की नगरसेविका झाली आहे?"

* * *

पाकळ्या काढल्या. समया काढल्या. बासरी काही केल्या बंद होईना, ती आठवडाभर वाजली. मग काकांनी पहिला लेख लिहिला. मी टाइप करत होते. सुरुवात होती, "कळविण्यास अत्यंत दुःख होते की." पुढे काकूंचं माहेर, सासर, तिथी, वार. आणि शेवटी, सवयीने, "शोकाकुल, समस्त परिवार."

काका-काकूंना मूल नव्हतं. अण्णा मागे उभे राहून वाचत होते. त्यांना चेष्टा करायची होती, माणूस वाईट नव्हता. "काका, समस्त म्हणजे कोण कोण हो?"

"मी," काका म्हणाले.

अण्णा उगाच गल्ल्यापाशी गेले आणि ड्रॉवर उघडझाप करत बसले.

* * *

तरी काका लिहीत राहिले. काकू कशा कष्टाळू होत्या, कशा सोज्ज्वळ होत्या. एक दिवस पहिली कमेंट आली. काका धावत मला बोलवायला आले. कोणी लांबच्या देशातल्या मराठी माणसाने इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, "डिझाइन छान आहे. पण अक्षरांच्या जागी फक्त चौकोन दिसतात."

आमच्या दुकानातला मराठी फॉन्ट दुसऱ्यांच्या कॉम्प्युटरवर नसायचा. आम्हाला सगळं ठीक दिसायचं, जगाला चौकोन! इतके महिने काका चौकोनच लिहीत होते. प्रकाश डोक्याला हात लावून बसला. मला तर रडूच यायला लागलं.

काका शांत होते. "बरं झालं," ते म्हणाले. "लिहिलेलंही खोटंच होतं."

आणि सगळे लेख त्यांनी स्वतःच्या हाताने काढून टाकले. नवा फॉन्ट आला, कोणालाही वाचता येईल असा. पान पांढरं स्वच्छ. पण काकांना एक ओळ सुचेना. विशेषण आठवलं की पत्रिका आठवायची. दुपारचा चहा झाला की ते त्या कोऱ्या पानासमोर बसायचे आणि चारच्या सुमाराला उठायचे. त्यांच्याकडे बघवायचं नाही.

* * *

एके दिवशी बसल्या बसल्या म्हणाले, "घे, टाइप कर. 'देवाला वर्गणी लागते तर त्याने स्वतः यावं, तुम्हाला का पाठवतो?'"

"हे कोण म्हणालं?"

"ती. गणपतीच्या वर्गणीवाल्यांना. छत्तीस पॉइंटला घे, ठळक."

"एवढं मोठं? का?"

"गॅलरीतून म्हणाली होती."

मग सुटलेच काका! भाजीवाल्याला, "ही जुडी आहे की नमुना?" चोवीस पॉइंट. काकांना, "लोकांच्या लग्नाची अक्षरं जुळवता, घरातलं पीठ संपलंय ते कोण जुळवणार?" अठरा, कारण स्वयंपाकघरातून. शेजारणीला, "डबा परत द्या, रिकामा असला तरी घेईन!" पुन्हा छत्तीस. एक विशेषण नाही, एक तिथी नाही. नुसत्या काकू. मी हसत टाइप करत होते, प्रकाश फ्लेक्स सोडून ऐकायला आला होता, आणि मला खरंच वाटलं की बाई दारात उभी आहे आणि आता आपल्यावर ओरडणार.

शेवटची ओळ काकांनी तापातल्या रात्रीची सांगितली. "'दिवा राहू द्या. तुम्ही दिसायला हवे.'"

"हे किती पॉइंट?"

"आठ," काका म्हणाले. मग म्हणाले, "नाही, सहा कर."

मी केलं. डोळे पुसले आणि केलं. दुकान होतं, गिऱ्हाईक बघत होतं, बघू दे म्हटलं.

* * *

हे पान मात्र वाचलं गेलं. कमेंटी आल्या, कोणी स्वतःच्या आजीची वाक्यं पाठवली. आणि एक दिवस दुकानात देवळ्याहून फोन आला. नानांचा.

नाना म्हणजे काकूंचे धाकटे भाऊ, कांद्याचे व्यापारी. शाळेसाठी ते नाशिकला काकूंकडेच राहिले होते. काकांचं म्हणून जे काही माणूस जगात उरलं होतं ते हे एकच. आवाज इतका मोठा की रिसीव्हर काकांच्या कानाला आणि ऐकतोय सगळं दुकान.

"दाजी, हे काय लिवलंय? सायबर कॅफेतल्या पोरांनी प्रिंट काढून आख्ख्या मार्केटात वाटलंय! माझं नाव पण घातलंय. लोक हसून राह्यले. आमची अक्का काय भांडखोर बाई होती का?"

"होती," काका म्हणाले.

"असंल! पण जगाला सांगायचं काय कारण हाय? ते काढा आधी. नायतर वर्षश्राद्धाला मी येणार नाय. मंग पुढं बी नाय."

फोन ठेवून काकांनी चष्मा पुसला. "उद्या ते पान काढून टाक गं."

"मी नाही काढणार!" मी सरळ सांगितलं. मला इतका राग आला होता! "पहिल्यांदा खरं लिहिलंत, तेच काढायचं? येऊ नका म्हणावं त्यांना."

काका म्हणाले, "मला आता दोनच गोष्टी आहेत, ते पान आणि नाना. पान काही वर्षश्राद्धाला पाटावर येऊन बसणार नाही."

 

* * *

दुसऱ्या दिवशी मी सकाळभर टाळाटाळ केली. नेट स्लो आहे म्हटलं. लाइट जाईल म्हटलं.  दुपारी दुकानापुढे रिक्षा थांबली आणि नाना उतरले. पांढरी टोपी, हातात पिशवी. काकूंच्या दहाव्यानंतर मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. काका कागद कापायच्या मशीनपाशी उभे होते. त्यांनी "या" म्हटलं आणि पाठ करून पुन्हा कागद लावायला लागले.

"काढलं का ते?" नानांनी मला विचारलं.

"काढतेय."

"थांब. आधी वाचून दाखव. पोरांनी मला दोन-चार ओळीच ऐकवल्या. चष्मा घरी राह्यला."

ते बाकावर बसले. बाकावर आधीच एक बाई प्रुफासाठी थांबली होती, ती सरकली. मी वाचायला सुरुवात केली. वर्गणीवाले, भाजीवाला, पीठ, डबा. नाना खाली फरशीकडे बघत होते. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. समोर सख्खा भाऊ बसलेला, आणि मी त्याच्या मेलेल्या बहिणीची भांडणं वाचतेय! माझा आवाज उतरत गेला.

मग त्यांची ओळ आली. ते शाळेत असताना रुसून घरातून निघाले होते तेव्हाची. मला ती वाचवेना. कशीबशी, पुटपुटल्यासारखी वाचली. "'नान्या, उपाशी गेलास तर पुन्हा या दारात पाय ठेवू नकोस.'"

शेवटची दिव्याची ओळ मी वाचलीच नाही. पान संपलं असं दाखवलं आणि माउसवर हात ठेवला. काकांचं मशीन थांबलं होतं.

"पुन्हा वाच," नाना म्हणाले.

"कोणतं?"

"माझंवालं."

मी वाचलं. नानांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि मान हलवली.

"एवढं हळू नाय बोलायची आमची अक्का. जोरात वाच!"