गंधकाचं मीठ अन् पाठराखीण

अशी जवळ ये पाहू. आल्या आल्या घड्याळ काय पाहून राह्यली? बस सुटली तर चिखलीवरून दुसरी मिळते. एका दिवसासाठी येते अन् वरून मलेच विचारते, आजी, वाळली का गं?

तू माझ्याकडं राहून इथं बुलढाण्याच्या कॉलेजात संशोधन करत होती. पहिल्याच दिवशी म्हणाली, "आजी, मी मीठ बनवते. गंधकाचं." शेजारीण म्हणे, "इतकं शिकून मीठ? किराण्यात मिळते की बाई!" मग एकदा तू फोनवर कोणाले तरी सांगितलं, "मीठ संपलं, काम अडलं." मी मुकाट्यानं तुझ्या डब्याजवळ खड्या मिठाची पुडी ठेवली. हातात नाही दिली; मीठ हातात दिलं की भांडण होते. तुझे सर म्हणे पोट धरून हसले. हसू दे. पुडी ठेवून घेतली ना त्यांनी? पेरूसंगं संपवली.

मग तू मले समजावलं. "या मिठाजवळ मिथाइल असते. ते न्यायचं, दुसऱ्या रेणूले देऊन टाकायचं, अन् आपण सल्फाइड होऊन निघून जायचं."

"म्हणजे पाठराखीण! नवरीले सासरी पोचवायचं अन् परत."

"हाव. पण तिचा वास मागं राहते."

"पाठराखिणीचाही राहते. चार दिवस जेवते अन् भाजीले नावं ठेवून जाते."

वास मात्र खरा होता, कुजक्या पत्ताकोबीचा. तुझी ओढणी मी अंगणाच्या टोकाले वाळू घालायची, तरी शेजारीण विचारे, "आज पण कोबीच का?"

पण मिथाइल पोचतच नव्हतं. मिठातच सोबतीले असलेला आयोडाइड, जरा तापवलं की, त्याले वाटेतच धरून पळायचा. तुझं जेवण सुटलं. हे जमलं तरच पुण्याच्या प्रयोगशाळेत जागा मिळणार होती. मी देवापुढं बसली अन् पंचाईत झाली. जमू दे म्हणावं तर तू जाणार, नको म्हणावं तर तू रडणार. शेवटी म्हटलं, तुलेच काय ते कळते बाबा, अन् उठली.

तू सोबती बदलला. फ्लुओरोबोरेट.

"हा कसा आहे?"

"कोणाच्या अध्यात ना मध्यात. नुसता बसून राहते."

"म्हणजे तुझे आजोबा!"

आजोबांनी पेपर खाली केला, आपल्याकडं पाहिलं अन् पुन्हा वर केला. सिद्धच झालं.

अन् जमलं. मिथाइल बरोबर जागी पोचलं. तू नाचत आली, मी पेढे वाटले. मग पुण्याले तुले पोचवायले मीच आली, चार दिवस राह्यली, तिथल्या भाजीले नावं ठेवली अन् परत आली.

तुझी ती ओढणी अजून खुंटीवर आहे. वास पार उडाला. मी नाकाले लावून पाहिलं. जा आता, बस पकड. पण लवकर ये बाई, अन् येताना कपडे धुऊन आणू नको.